वर्धेच्या काठावर दोन दिवस उघडलेली समुद्राची प्रयोगशाळा

आमचे गाव वरोरा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर आहे. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे, आणि गावातल्या ज्या थोड्या लोकांनी तो पाहिला आहे, त्यांनी जगन्नाथपुरीच्या नाहीतर रामेश्वरच्या यात्रेत पाहिला आहे. म्हणून ‘फिरती सागरविज्ञान प्रयोगशाळा’ गावात बोलवावी असे मी वाचनालयाच्या बैठकीत सुचवले, तेव्हा कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “ताई, बोंडअळीवर कोणाला बोलवा, मातीपरीक्षणावर बोलवा. समुद्राचं आपल्याला काय काम?” प्रश्न रास्त होता आणि त्या वेळी माझ्याजवळ त्याचे नीट उत्तर नव्हते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हा कार्यक्रम दोन दिवस झाला. आता उत्तर आहे, आणि इतर वाचनालयांना व शाळांना हा उपक्रम बोलवायचा की नाही हे ठरवता यावे म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

उपक्रम चालवणारी माणसे मोजकीच आहेत. आमच्याकडे दोघे आले. एक गृहस्थ किनाऱ्यावरच्या एका सागरविज्ञान प्रयोगशाळेतून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेले; आयुष्याची बरीच वर्षे त्यांनी संशोधन जहाजांवर पाण्याचे आणि गाळाचे नमुने वर काढण्यात घालवली. दुसऱ्या, समुद्रातल्या गाळावर पीएच.डी. करणाऱ्या एक तरुण संशोधिका. मुलांनी पहिल्या तासातच त्यांना ‘काकाजी’ आणि ‘मॅडम’ करून टाकले, म्हणून मीही तेच शब्द वापरते. आपली किंवा संस्थेची नावे लिहू नयेत अशी त्यांची विनंती आहे आणि ती मी पाळत आहे. प्रवास आणि साहित्य मिळून त्यांनी ४,५०० रुपये घेतले. राहण्या-जेवण्याची सोय आम्ही गावात केली. सामान म्हणजे दोन सूक्ष्मदर्शक, एक प्रोजेक्टर, गाळाच्या नळकांड्याची प्रतिकृती, जाळी, काचेचे ग्लास आणि लोखंडी पेटीभर बाटल्या.

सुरुवात त्यांनी समुद्रापासून केली नाही, हे मला सर्वांत आवडले. आदल्या दिवशी फोन करून त्यांनी सांगितले होते की प्रत्येक मुलाने आपापल्या वावरातली मूठभर माती कागदात बांधून आणावी. सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मातीच्या शंभरावर पुड्या जमल्या, आणि काकाजींनी त्यांतल्या दोन उचलून दोन ग्लासांत पाण्याबरोबर ढवळल्या. एका ग्लासात साधे पाणी होते, दुसऱ्यात लिटरला ३५ ग्रॅम या मापाने, म्हणजे समुद्राइतके, मीठ घातलेले. खाऱ्या पाण्यातली माती लवकर खाली बसेल आणि गोड्या पाण्यातली तशीच तरंगत राहील, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात दहा मिनिटांत दोन्ही ग्लास जवळजवळ सारखेच निवळले.

इथे बहुतेक पाहुण्यांनी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. काकाजींनी ग्लास उन्हाकडे धरला, थोडा वेळ पाहिला आणि विचारले, “हे पाणी कुठलं?” पाणी शाळेच्या बोअरचे होते. आमच्या भागात बोअरचे पाणी इतके जड असते की त्यात डाळ शिजत नाही आणि गंजाला, म्हणजे पातेल्याला, आतून पांढरा थर धरतो. ते म्हणाले, चूक माझी आहे, मी आधी विचारायला हवे होते. या पाण्यात चुना इतका आहे की मीठ टाकण्याआधीच ते मिठाचे काम करते. मग वाचनालयातला आरओचा कॅन आणला आणि प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी फरक कोणालाही दिसेल असा पडला. खाऱ्या ग्लासात काळे पुंजके डोळ्यांदेखत जमून खाली सरकू लागले आणि थोड्याच वेळात वरचे पाणी स्वच्छ झाले. आरओच्या पाण्याचा ग्लास मात्र संध्याकाळी शाळा सुटेपर्यंत चहासारखा गढूळ होता. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. क्षारांमुळे ते ढकलणे कमी पडते आणि कण एकमेकांना चिकटून जड होतात. नदी समुद्राला मिळते तिथे हेच घडते, म्हणूनही मुखापाशी गाळ साचतो आणि त्रिभुज प्रदेश तयार होतो. त्रिभुज प्रदेशाची व्याख्या आमची मुले भूगोलात पाठ करतात. ती अशी ग्लासात बसताना मी प्रथमच पाहिली, आणि पहिला प्रयोग फसला नसता तर जड पाण्याची अर्धी गोष्ट कळलीच नसती.

त्यानंतर नदीचा प्रवास आला. सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा आमच्या गावावरून पुढे जाते, वढ्याजवळ तिला पैनगंगा मिळते, बल्लारपूर मागे टाकल्यावर गडचिरोलीच्या सीमेवर वैनगंगेशी तिचा संगम होतो आणि दोघी मिळून प्राणहिता होतात. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात जाते. ही नावे मुलांना तुटक तुटक माहीत होती, ती एका दोरीत ओवली गेली तेव्हा आठवीतला एक मुलगा म्हणाला, “म्हणजे पुरात आपल्या वावरातली माती गेली, ते थेट समुद्रात गेली न मॅडम?” मॅडमनी त्याला उत्तर देण्याऐवजी नळकांडे उघडले.

नळकांडे म्हणजे प्लॅस्टिकची लांब नळी, उभी चिरून दोन अर्धुके केलेली. समुद्रतळात अशी नळी खुपसून गाळ जसाच्या तसा वर आणतात. प्रयोगशाळेत ती उभी चिरतात. एक अर्धुक नमुने काढण्यासाठी वापरतात आणि दुसरे पुढच्या संशोधकांसाठी थंड कोठीत जपून ठेवतात. खालचा गाळ जुना, वरचा नवा. आणलेले नळकांडे प्रतिकृती होती, पण त्यावर रंगवलेली गोष्ट खरी आहे. २००६ मध्ये ‘जॉयडस रिझोल्यूशन’ या छिद्रण जहाजाने भारताच्या सागरतळातील वायू-हायड्रेटच्या, म्हणजे बर्फासारख्या रूपात अडकून राहिलेल्या ज्वलनशील वायूच्या, शोधासाठी मोहीम केली, तेव्हा गोदावरीच्या मुखासमोर सुमारे १,२७० मीटर खोल पाण्यातून गाळाचा एक स्तंभ मिळाला. अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेत, जी १९३० मध्ये स्थापन झाली, कॅमिलो पाँटन, लिव्हियू जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. गेल्या अकरा हजार वर्षांत गोदावरी खोऱ्यावर काय काय बेतले, ते त्या गाळात साठून राहिलेले आहे.

हा भाग मॅडमनी इतका नीट उलगडला की मी तो थोडा विस्ताराने सांगते. झाडांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. पान कुजते, पण मेण टिकते आणि नदीबरोबर वाहत जाऊन गाळात बसते. सावलीच्या जंगलातली झाडे आणि ज्वारीसारखी कोरड्यात तगणारी गवतवर्गीय रोपे कार्बन वेगवेगळ्या तऱ्हेने वापरतात, त्यामुळे त्यांच्या मेणातल्या कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण निराळे असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मेणावरून असे दिसले की सुमारे ४,००० ते १,७०० वर्षांपूर्वीच्या काळात मध्य भारतात कोरड्यात तगणाऱ्या वनस्पती क्रमाने वाढत गेल्या, आणि त्यानंतर त्या टिकून राहिल्या. २०१७ च्या पुढच्या अभ्यासात त्यांनी मातीचा माग काढला. दख्खनचा काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसाचा खडक, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर पूर्वेकडचे बस्तरचे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. दोन्हींत निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्याच जड-हलक्या अणूंचे, प्रमाण वेगळे असते, म्हणून समुद्रातला चिमूटभर गाळसुद्धा आपण कोणत्या डोंगरातून आलो ते सांगतो. शेवटच्या काही हजार वर्षांत समुद्रात जाणारा गाळ खूप वाढला आणि त्यात दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढला. पाऊस कमी होऊन झाडोरा विरळ झाला, त्यातच माणसाची शेती पसरली आणि जमीन उघडी पडली, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हे ऐकताना व्हरांड्यात जी शांतता होती ती मी विसरणार नाही. आमच्याकडे दर पावसाळ्यात धुरे, म्हणजे शेताचे बांध, फुटतात आणि वरची माती नाल्याने जाते. ते नुकसान आपल्या आजोबांच्या, फार तर पणजोबांच्या काळापासूनचे असेल असे आपण धरून चालतो. ते हजारो वर्षांचे आहे आणि त्याचा हिशेब पाण्याखाली सव्वा किलोमीटर खोल लिहिलेला आहे, हे मला ठाऊक नव्हते.

दुपारी सूक्ष्मदर्शकाची पाळी होती. काकाजींनी काचपट्टीवर पिवळसर वाळूसारखी चिमूट टाकली. नुसत्या डोळ्यांना ती रव्यासारखी दिसत होती. भिंगातून पाहिल्यावर एकेक कण म्हणजे कोरीव शंख होता: कुठे एकाला एक चिकटलेल्या फुग्यांचा घोस, कुठे जिलेबीसारखी गुंडाळी, आणि प्रत्येकाच्या अंगभर सुईने टोचल्यासारखी छिद्रे. हे फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव. ते चुन्याचे कवच बांधतात आणि मेल्यावर कवच तळाशी पडते. कवचातल्या ऑक्सिजनच्या जड व हलक्या अणूंवरून ते वाढत होते तेव्हा पाणी किती उबदार आणि किती खारट होते याचा अंदाज बांधता येतो, आणि पाण्याच्या खारटपणावरून त्या काळी नद्यांनी किती गोडे पाणी आणले याचा. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून काळ्या खणांच्या पट्टीत मांडायचे काम मॅडम दिवसचे दिवस करतात. त्यांनी एका मुलीला कुंचला दिला. तिने श्वास रोखून तीन कवचे उचलली, चौथे तिच्या उच्छ्वासाने उडाले, आणि मॅडम म्हणाल्या की पहिल्या महिन्यात माझेही असेच उडत होते.

दुसऱ्या दिवसाचा विषय पाऊस होता आणि त्यासाठी संध्याकाळी मोठी माणसेही आली. विदर्भाचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरात उठून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो, हे रेडिओवर रोज ऐकणाऱ्यांना नवे नव्हते. पण ते पट्टे तिथेच वारंवार का उठतात, हे कोणी सांगितले नव्हते. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर असेल तरच त्यावर उंच ढगांचे मोठे समूह उभे राहण्याची शक्यता चांगली असते. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या आणि आता गोव्यात दोना पावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. एस. सी. शेणॉय, डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००२ मध्ये अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडला. पावसाळ्यात अरबी समुद्रावर वारा जोरदार असतो, पाणी घुसळले जाते, खालचे गार पाणी वर येते आणि पृष्ठभाग थंड होतो. उपसागरात मात्र पावसाचे आणि गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी अशा नद्यांचे गोडे पाणी वर हलक्या थरासारखे पसरते. हलके पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून उन्हाची ऊब त्या वरच्या थरातच राहते आणि उपसागर ढगांसाठी तापलेला राहतो.

काकाजींनी हे एका काचेच्या भांड्यात करून दाखवले. खाली निळे खारे पाणी, त्यावर पळी उलटी धरून हळूच सोडलेले गोडे पाणी; दोहोंमधली रेघ अर्ध्या तासानेही मोडली नव्हती. आमच्या वर्धेचे पाणी त्या थरात थेंबभर का होईना असते आणि त्याच समुद्रावर उठलेला ढग पुढे आमच्या पऱ्हाटीवर येतो, हे त्या भांड्याकडे पाहत ऐकले, आणि ज्येष्ठ सदस्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. ते स्वतः पहिल्या रांगेत बसले होते. “मग यंदा पाऊस कसा राहील?” असे त्यांनी विचारलेच. मॅडमनी स्पष्ट सांगितले की तो अंदाज हवामान विभाग देतो. समुद्राची मोजमापे त्या अंदाजासाठी लागतात, पण त्या स्वतः अंदाज देणार नाहीत. मग मोजमापे कशी घेतात ते त्यांनी सांगितले: जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार आर्गो तरंगयंत्रे सोडलेली आहेत; प्रत्येक यंत्र हजार मीटर खोलीवर वाहत राहते, साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडून तापमान आणि क्षारता मोजत वर येते आणि उपग्रहाला आकडे देऊन परत खाली जाते. भारताच्या वाट्याचे हे काम हैदराबादच्या इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) या संस्थेकडून चालते. हैदराबादलाही समुद्र नाही, हे लक्षात आल्यावर मुलांना विशेष आनंद झाला.

कापूस वेचणीहून आलेल्या एका बाईंनी विचारले की दरसाल आमच्या धुऱ्यावरून जाते ती माती त्या नळीत वेगळी दिसते का. मॅडम म्हणाल्या, नाही. एका वर्षाची रेघ त्यात वाचता येत नाही, अनेक वर्षांचा गाळ एका नमुन्यात एकत्र येतो. आणि आता वाटेत धरणे आहेत, त्यामुळे बराच गाळ समुद्रापर्यंत पोहोचण्याआधीच अडतो. जे वाचता येत नाही ते तसेच सांगण्याची ही सवय दोघांतही होती. माझ्या मते या उपक्रमाची खरी किंमत तिथे आहे, कारण खेड्यात येणारे तज्ज्ञ सहसा प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊन जातात.

आता उणिवा. दोन सूक्ष्मदर्शक सव्वाशे मुलांना पुरत नाहीत. रांगेतल्या शेवटच्या तीस-पस्तीस मुलांना प्रत्येकी अर्धा मिनिटही मिळाला नाही, आणि त्यांत पाचवी-सहावीच्या मुली जास्त होत्या, कारण मोठी मुले पुढे घुसली. ही व्यवस्था आम्हीही राखायला हवी होती, पण गट पाडण्याची सूचना त्यांच्याकडून आधी यायला हवी. प्रोजेक्टरवरच्या चित्रांतली सगळी नावे इंग्रजीत होती; मॅडम तोंडाने सुंदर मराठी बोलत असताना पडद्यावर मुलांना वाचता न येणारा मजकूर असावा, हे मला खटकले आणि मी त्यांना तसे सांगितले. त्यांचा मोठा नकाशा समुद्राचा होता, त्यात जमीन नुसती करडी रंगवलेली होती. वर्धा त्यावर नव्हतीच, ती काकाजींना खडूने काढावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि एक तास वाया गेला, कारण प्रोजेक्टरशिवाय करायचे काही त्यांनी राखून ठेवले नव्हते. सर्वांत मोठी उणीव ही की जाताना मागे काही लेखी ठेवले गेले नाही. चार पानांची मराठी पुस्तिका असती तर वाचनालयात ती वर्षभर फिरली असती.

तरीही मी हा उपक्रम बोलवण्याची शिफारस निःशंकपणे करते, विशेषतः नदीकाठच्या शाळांना. पैसे योग्य आहेत. एका दिवसात उरकू नये, दोन दिवस ठेवावेत, आणि मोठ्यांचा कार्यक्रम वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर ठेवावा, नाहीतर बायकांना येता येत नाही.

जाताना काकाजींनी पेटीतून थर्मोकोलचा एक कप काढून दाखवला. जहाजावरून उपकरणांबरोबर तो पिशवीत बांधून खोल समुद्रात सोडला होता. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. हजार मीटरवर तो शंभरपट होतो आणि थर्मोकोलमधली हवा चेपली जाते. चहाचा कप शिंप्याच्या अंगुस्तानाएवढा झाला होता, पण त्यावर पेनाने लिहिलेली अक्षरे तशीच, फक्त बारीक. आमच्या सहा मुलांनी आपापली नावे आणि गावाचे नाव लिहून सहा कप त्यांच्याजवळ दिले आहेत. पुढच्या जहाजफेरीला जाणाऱ्या कोणाजवळ तरी ते देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. आले की वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवू, जागा करून ठेवली आहे.

ज्यांना बोलवायचे असेल त्यांनी आरओच्या पाण्याचा वीस लिटरचा एक कॅन आणि पांढऱ्या काचेचे सहा ग्लास आधीच आणून ठेवावेत. मुलांना माती वावरातूनच आणायला सांगावी. आमच्या काही मुलांनी घरामागची आणली होती, तिच्यात राख मिसळलेली होती आणि ती पाण्यात वेगळीच वागली.